अलिबागचा भाड्याचा बंगला सोडताना

चेक-आउट अकराचं असेल तर आवराआवर साडेनऊलाच सुरू करा. फरशी पुसणं तुमचं काम नाही. पण पुढचे पाहुणे दुपारीच येतात आणि साफसफाईला येणाऱ्या मावशींच्या हातात जेमतेम दोन-तीन तास असतात.

आधी किचन. माशांचे काटे, कोळंबीची सालं पिशवीत घट्ट गाठ मारून झाकणाच्या डब्यातच टाका. नाहीतर कुत्री-कावळे अंगणभर पसरवतात. तळणीचं तेल गार करून बाटलीत भरा. सिंकमध्ये ओतलं की पाइपात चिकट थर धरतो, त्यात भाताची शितं अडकतात आणि सिंक तुंबतं. भांडी निदान खरकटं काढून विसळा. निघताना सिलिंडरचा रेग्युलेटर बंद.

पायाची वाळू अंगणातल्या नळावरच धुवा. बाथरूममध्ये ती जाळीखाली साचते आणि पाणी तुंबतं. घरात आलेली वाळू कोरडी झाल्यावर झाडा, ओली नुसती फरफटते.

ओले टॉवेल गादीवर टाकू नका. दमट हवेत गादीला वास धरतो. चादरीवर रश्श्याचा डाग पडला तर साबण घासायला जाऊ नका, हळद लाल होते. केअरटेकरला दाखवा, धुऊन कडक उन्हात वाळवली की डाग बराच फिका पडतो. फुटलेला ग्लासही लपवू नका, डिपॉझिटची खरी भांडणं लपवाछपवीवरूनच होतात.

किल्ली देण्याआधी खोल्यांचे फोटो काढा. बक्षिसी द्यायची तर थेट मावशींच्या हातात.