फोनचं सॉफ्टवेअर अपडेट करताना या चुका टाळा, आणि अपडेटनंतर फोन बिनसला तर हे करून बघा

अपडेटचं नोटिफिकेशन आलं की बोटाने बाजूला सारून देणारी माणसं घरोघरी आहेत आणि कारण विचारलं की उत्तरं ठरलेली, अपडेट केलं की फोन स्लो होतो, मामाच्या फोनवर अपडेटनंतर हिरवी लाइन आली, चाललंय ना नीट मग कशाला हात लावायचा. ही भीती अगदीच खोटी नाहीये. २०२० संपता संपता शाओमीच्या एमआय ए३ ला अँड्रॉइड ११ चं अपडेट आलं आणि कित्येकांचे फोन अपडेट होऊन जे बंद पडले ते परत चालूच झाले नाहीत, कंपनीला ते अपडेट थांबवावं लागलं आणि सर्व्हिस सेंटरवर फोन फुकट दुरुस्त करून द्यावे लागले. म्हणजे असं होऊ शकतं. पण असं क्वचित होतं, आणि अपडेटच्या नावाने जी ओरड असते त्यातला बराचसा त्रास अपडेटच्या आधी आणि नंतर केलेल्या घाईतून आलेला असतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे अपडेटच न करणं

आज फोनमध्ये आपलं बँक खातं आहे, यूपीआय आहे, डिजिलॉकर आहे, पोरांचे फोटो आहेत. २०१५ मध्ये अँड्रॉइडमध्ये स्टेजफ्राइट नावाची त्रुटी सापडली होती, नुसता एक एमएमएस पाठवून फोनमध्ये घुसता येईल अशी, आणि त्या धक्क्यानंतर ऑगस्ट २०१५ पासून गुगलने दर महिन्याला सिक्युरिटी पॅच, म्हणजे अशी भोकं बुजवणारी अपडेट, काढायला सुरुवात केली. आता यातली मेख लक्षात घ्या, दर महिन्याला कुठली भोकं बुजवली याची यादी गुगल जाहीर करतं, म्हणजे ज्याने पॅच घेतला नाही त्याच्या फोनला नेमकं कुठे भोक आहे हे जगाला माहीत झालेलं असतं. सायबर सुरक्षेचं काम बघणारी आपली सरकारी सर्ट-इन संस्थासुद्धा अँड्रॉइड आणि आयफोनसाठी इशारे देत असते आणि त्यात उपाय बहुतेक एकच असतो, अपडेट करा.

आणि फक्त सुरक्षेचाच प्रश्न नाही. १ ऑक्टोबर २०२२ ला भारतात ५जी सुरू झालं तेव्हा ५जी फोन खिशात असून लोकांना ५जी दिसत नव्हतं, कारण कंपन्यांनी ते सॉफ्टवेअरमधून उघडलेलंच नव्हतं, आयफोनवाल्यांना तर डिसेंबरमध्ये आयओएस १६.२ येईपर्यंत थांबावं लागलं.

"अप टू डेट" वाचून विषय संपवणं

अपडेट कुठे बघायचं तर सॅमसंगला सेटिंग्जमध्ये खाली सॉफ्टवेअर अपडेट, त्यात डाउनलोड अँड इन्स्टॉल, रेडमी-पोकोला अबाउट फोनमध्ये जाऊन वर व्हर्जनचा मोठा चौकोन असतो त्यावर टॅप, विवोला सिस्टम अपडेट, आयफोनला जनरलमध्ये सॉफ्टवेअर अपडेट. सापडलं नाही तर सेटिंग्जच्या वरच्या सर्चमध्ये अपडेट टाइप करा, सगळ्यात सोपं.

पण तिथे "तुमचा फोन अप टू डेट आहे" असं आलं म्हणजे फोन सुरक्षित आहे असा अर्थ होत नाही. अर्थ एवढाच की कंपनीकडे तुमच्या मॉडेलसाठी आत्ता देण्यासारखं काही नाही. अँड्रॉइडवर तीन गोष्टी वेगवेगळ्या बघायच्या असतात. एक अँड्रॉइडचं व्हर्जन, जे सगळ्यांना माहीत असतं. दुसरी सिक्युरिटी अपडेटची तारीख, ही खरी महत्त्वाची, ती वर्षभरापेक्षा जुनी असेल आणि तरी फोन अप टू डेट म्हणत असेल तर समजा कंपनीने त्या मॉडेलवरून हात काढून घेतलाय. तिसरं गुगल प्ले सिस्टम अपडेट, हे अँड्रॉइड १० पासून आलं, कंपनीची वाट न बघता थेट गुगलकडून येतं आणि बऱ्याच फोनमध्ये सिक्युरिटी अँड प्रायव्हसीच्या आत दडलेलं असतं, ते हाताने तपासा आणि नंतर फोन रिस्टार्ट करा, कारण रिस्टार्ट केल्याशिवाय ते लागत नाही आणि लोक महिनोन् महिने फोन रिस्टार्ट करत नाहीत.

मित्राला आलं मला का नाही आलं, हाही नेहमीचा प्रश्न. अपडेट सगळ्यांना एकदम सोडत नाहीत, आधी थोड्या फोनना देतात, बोंबाबोंब झाली नाही तर पुढे वाढवतात. त्यात देश आणि मॉडेलप्रमाणे फरक असतो, दुबईहून किंवा अमेरिकेहून कुणी आणून दिलेला फोन इथल्या वेळापत्रकाने चालेलच असं नाही. म्हणून फोनची तारीख पुढे सरकवणं, गुगलच्या सर्व्हिसेसचा डेटा उडवणं असले व्हिडिओत दाखवलेले उद्योग करू नका, चुकीच्या तारखेने व्हॉट्सअ‍ॅप आणि बँकेची अ‍ॅप रुसतात ते वेगळंच. थांबा.

सेकंडहँड फोन घेताना तर सगळ्यात आधी ती सिक्युरिटीची तारीख बघा, मग कॅमेरा. नवा घेताना किती वर्षं अपडेट मिळणार ते विचारा, पिक्सेल ८ आणि गॅलेक्सी एस२४ पासून गुगल आणि सॅमसंग सात वर्षांचं बोलतात, स्वस्तातल्या फोनना बरंच कमी असतं. आणि ज्या फोनचं अपडेट बंद झालंय तो गाणी ऐकायला, पोरांच्या यूट्यूबला ठेवा, त्यावर यूपीआय नको.

दीड जीबीच्या पॅकवर अडीच जीबीचं अपडेट

मोठं अपडेट दोन-तीन जीबीचं सहज असतं आणि आपला रोजचा डेटा दीड जीबी, मग ते ६० टक्क्यांवर अडकतं, दुसऱ्या दिवशी परत सुरू करायचं, कधी एरर येतो आणि पहिल्यापासून. घरचं किंवा ओळखीच्यांचं वायफाय वापरा, बसस्टँडवरचं फुकटचं नको. जागेचंही तसंच, अपडेट दोन जीबीचं असेल तर दोन जीबी मोकळी ठेवून भागत नाही कारण फाइल उतरवायला वेगळी आणि उघडून बसवायला वेगळी जागा लागते, निदान सात-आठ जीबी मोकळे करा. बहुतेकांच्या फोनमध्ये ही जागा व्हॉट्सअ‍ॅपच्या गुड मॉर्निंग व्हिडिओंनी खाल्लेली असते, व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेज अँड डेटा, तिथून मॅनेज स्टोरेज, मोठ्या फाइली वरती दिसतात, तिथूनच उडवा.

बॅकअप नाही आणि जीमेलचा पासवर्ड दुकानदाराला माहीत

हे मी कळकळीने सांगतोय कारण खरं नुकसान इथेच होतं. अपडेटमुळे डेटा जात नाही, जायला नको, पण काही बिनसलं आणि फॅक्टरी रीसेट मारायची वेळ आली तर सगळं साफ होतं आणि फोन परत चालू होताना जुन्याच गुगल अकाउंटचा पासवर्ड मागतो. गावाकडे आणि शहरातसुद्धा आई-वडिलांच्या फोनचं जीमेल मोबाइलच्या दुकानातल्या पोराने फोन घेतला त्या दिवशी उघडून दिलेलं असतं, आयडी काय पासवर्ड काय कुणाला पत्ता नसतो. मग फोन ठणठणीत असून कुलूपबंद. म्हणून अपडेटला हात लावण्याआधी घरातल्या प्रत्येकाच्या फोनवर कुठलं जीमेल आहे ते बघा, पासवर्ड माहीत नसेल तर फोन चालू आहे तोवरच बदलून घ्या आणि वहीत लिहून ठेवा, रिकव्हरीला आपला स्वतःचा नंबर टाका.

व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप शेवटचा कधी झाला ती तारीख बघा. २०२४ पासून अँड्रॉइडवर तो बॅकअप गुगलच्या फुकटच्या १५ जीबीत मोजला जातो, ती जागा भरली की बॅकअप गुपचूप बंद पडलेला असतो आणि लोकांना वाटतं रोज होतोय. फोटो जमल्यास एकदा पेनड्राइव्हवर किंवा कॉम्प्युटरवर काढा.

अपडेट चालू असताना पॉवर बटण दाबणं

बॅटरी निदान ५० टक्के असू द्या, चार्जरला लावलेला असेल तर उत्तम. बऱ्याच नव्या फोनमध्ये सिस्टमच्या दोन जागा असतात, तुम्ही एका खोलीत राहताय आणि शेजारच्या खोलीत रंगकाम चाललंय असं समजा, काम पूर्ण झालं की रिस्टार्टला तुम्ही तिकडे जाता, आणि नवीन बाजू चालू झाली नाही तर फोन जुन्या बाजूवर परत येतो. जुन्या पद्धतीच्या फोनना ही सोय नाही, तिथे आहे त्याच जागी तोडफोड करून नवीन बसवतात, सॅमसंगने तर ही दोन जागांची पद्धत २०२४ च्या गॅलेक्सी ए५५ पासून घेतली. तेव्हा स्क्रीनवर टक्के सरकताना दिसत असोत की नुसता लोगो असो, अर्धा तास हात लावू नका. ट्रेन पकडायच्या आधी, परीक्षेच्या सकाळी, कुणी हॉस्पिटलमध्ये असताना अपडेट सुरू करू नका, निवांत वेळ बघा. फोन उन्हात किंवा उशीखाली नको, तेव्हा तो तापतोच.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली अपडेटची फाइल

फोनचं अपडेट फक्त फोनच्या सेटिंग्जमधून येतं. मेसेजमधून येत नाही, वेबसाइटवर लाल अक्षरात "तुमचा फोन जुना झालाय" म्हणून येत नाही, बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्याकडून तर कधीच येत नाही. लग्नपत्रिका, आरटीओचं चलान अशा नावाने एपीके फाइली, म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणाऱ्या फाइली, फिरतायत आणि त्या टाकल्या की फोनमधले ओटीपी वाचले जातात, त्यातलाच एक प्रकार अपडेटच्या नावाचा. चुकून टाकलीच तर आधी इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, पहिल्या काही तासांत पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त असते. लाजू नका, उशीर नको.

अपडेट झालं, आता फोन तापतोय, बॅटरी उतरतेय

पहिले एक-दोन दिवस हे होतंच. फोन आतून सगळी अ‍ॅप नव्या सिस्टमला जुळवून घेत असतो, फोटोंची यादी परत करत असतो. रात्री चार्जिंगला आणि वायफायवर लावून ठेवा, प्ले स्टोअरमधून सगळी अ‍ॅप अपडेट करा, एकदा रिस्टार्ट करा, आणि दोन दिवस काही ठरवू नका. तरी फरक नाही तर सेफ मोडमध्ये, म्हणजे फक्त फोनबरोबर आलेल्या अ‍ॅपवर, चालवून बघा, तिथे फोन नीट चालला तर दोष बाहेरून टाकलेल्या कुठल्यातरी अ‍ॅपचा आहे. बऱ्याच सॅमसंग फोनच्या रिकव्हरीमध्ये, म्हणजे फोन चालू होण्याआधीच्या दुरुस्तीच्या मेनूत, तात्पुरत्या फाइली पुसणारं वाइप कॅशे पार्टिशन असतं, त्याने डेटा जात नाही, पण त्याच्या बरोबर शेजारी वाइप डेटा असतं, तिथे बोट घसरलं तर सगळं जातं, सावकाश करा.

फोन तीन-चार वर्षांचा असेल तर बॅटरीकडेही बघा. अ‍ॅपलने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केलं होतं की बॅटरी थकलेले आयफोन अचानक बंद पडू नयेत म्हणून अपडेटमधून त्यांचा वेग कमी केला जातो, लोक चिडले आणि ते न सांगता केलं म्हणून चिडणं बरोबरच होतं, पण नवी बॅटरी टाकल्यावर तेच फोन परत पळायला लागले.

जिओचं कार्ड असेल आणि अपडेटनंतर नेट चालतंय पण कॉल लागत नाहीत तर सिमच्या सेटिंगमध्ये व्हीओएलटीई, म्हणजे ४जीवरून कॉल करायची सोय, बंद झालीय का बघा, जिओकडे २जी-३जी नाहीच त्यामुळे त्याशिवाय साधा कॉल जात नाही. बाकी वायफाय, ब्लूटूथची कुरकुर असेल तर रीसेट नेटवर्क सेटिंग्ज, फोटो जात नाहीत, फक्त वायफायचे पासवर्ड परत टाकावे लागतात आणि ब्लूटूथची उपकरणं परत जोडावी लागतात.

हिरवी लाइन आली तर ती सॉफ्टवेअर मागे नेऊन जात नाही, बिघाड स्क्रीनच्या पॅनेलचा असतो. वनप्लसने भारतात काही मॉडेलना यासाठी स्क्रीनची आयुष्यभर वॉरंटी दिली, सॅमसंगनेही काही मॉडेलची स्क्रीन फुकट बदलून दिली, म्हणून बाहेर हजारो रुपये भरण्याआधी कस्टमर केअरला मॉडेलचं नाव सांगून अशी स्कीम चालू आहे का ते विचारा.

लोगोवरच अडकला तर

लगेच दुकानात "सॉफ्टवेअर मारून" घेऊ नका. आधी पूर्ण चार्ज करा, पॉवर आणि व्हॉल्यूमचं बटण दाबून फोर्स रिस्टार्ट करून बघा. आयफोन असेल तर कॉम्प्युटरला जोडून रिकव्हरी मोडमध्ये घ्या, तिथे अपडेट आणि रिस्टोअर असे दोन पर्याय येतात, अपडेट निवडा, त्यात डेटा राहतो, रिस्टोअरमध्ये सगळा जातो. नेट स्लो असेल आणि डाउनलोडला पंधरा मिनिटांपेक्षा जास्त लागली तर फोन त्या मोडमधून बाहेर येतो, घाबरू नका, डाउनलोड संपलं की परत त्याच मोडमध्ये घ्या.

जुनं व्हर्जन परत टाकायचा नाद सोडा. ऑगस्ट २०२२ मध्ये पिक्सेल ६ ला अँड्रॉइड १३ आलं तेव्हा गुगलने १२ वर परत जायचा रस्ताच बंद केला होता, अ‍ॅपलही जुन्या आयओएसला थोड्या दिवसांनी मंजुरी देणं थांबवतं. कॉम्प्युटरवरून फोनमध्ये सॉफ्टवेअर टाकायच्या शाओमीच्या फ्लॅश टूलमध्ये खाली "क्लीन ऑल अँड लॉक" हा पर्याय आधीच निवडलेला असतो, चायनासाठी बनलेला फोन आणि त्यात ग्लोबल रॉम, म्हणजे बाहेरच्या देशांसाठीचं सॉफ्टवेअर, असं असताना ते तसंच चालवलं तर फोन अडकून बसतो. चुकीची फाइल टाकून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, उडाला की नेटवर्क गेलंच, आणि तो कुणाकडून "लिहून" घेणं तर विसराच, २०२३ च्या दूरसंचार कायद्यात आयएमईआयशी छेडछाड हा गुन्हा आहे.

अधिकृत सर्व्हिस सेंटरलाच जा. डेटा न उडवता सॉफ्टवेअर टाकता येईल का हे आधी विचारा, बहुतेक ते डेटाची जबाबदारी घेत नाहीत पण विचारलं तर प्रयत्न करतात. फोन देताना सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या, आणि जॉब शीटवर "अपडेटनंतर फोन चालू होत नाही" असं स्पष्ट लिहून घ्या, नुसतं "डेड" लिहिलं तर नंतर तो बिघाड अपडेटमुळे झाला हे दाखवायला तुमच्या हातात काही राहत नाही.