हेडफोनमध्ये सराउंड साउंड: फाइल कानांनी निवडा, नावावरून नको

शेजारच्या आजोबांची झोपायची वेळ आणि माझी सिनेमा बघायची वेळ एकच. भिंत सामाईक, त्यामुळे रात्री दहानंतर स्पीकर बंद आणि हेडफोन कानावर. पण हेडफोन लावला की सिनेमातला मागून येणारा पाऊस थेट डोक्याच्या मधोमध पडायला लागतो. समोरचा संवादही तिथेच, कपाळाच्या आत. हे बदलता येतं, तेही जवळपास फुकटात. एक संध्याकाळ मात्र मोकळी ठेवावी लागते.

आधी हे का होतं ते बघू, म्हणजे पुढच्या पायऱ्या आंधळेपणाने कराव्या लागणार नाहीत. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानाला आधी पोचतो आणि डाव्याला उशिरा. अगदी बाजूने आला तर हा फरक साधारण ०.६ ते ०.७ मिलिसेकंदांचा असतो. शिवाय मध्ये डोकं आडवं येतं, म्हणून लांबच्या कानाला तो दबका ऐकू येतो. डावं-उजवं आपण या दोन खुणांवरून ओळखतो. पण अगदी समोरच्या आणि अगदी मागच्या आवाजात या दोन्ही खुणा सारख्याच असतात. तिथे मदतीला येते ती कानाची पाळी. तिच्या वळ्यांवर आपटून येताना आवाजाचे वरचे सूर दिशेप्रमाणे कुठे उठतात, कुठे बसतात, आणि लहानपणापासून मेंदूने तो हिशेब पाठ केलेला असतो.

खात्री करायची असेल तर घरातल्या कुणाला तरी किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभं करा. तुम्ही डोळे मिटून, मान स्थिर ठेवून बसा. त्यांनी कधी समोर, कधी मागे, कधी डोक्यावर किल्ल्या वाजवायच्या, तुम्ही बोट दाखवायचं. मग दोन्ही कानांच्या वरच्या कडा बोटांनी दुमडून, कानाची भोकं मोकळी ठेवून, तेच पुन्हा करा. मी माझ्या भाचीबरोबर केलं तेव्हा कान दुमडल्यावर मी समोरची किल्ली तीनदा मागे दाखवली.

हेडफोनचा आवाज कानाच्या अगदी तोंडाशीच तयार होतो, म्हणून या खुणा त्यात नसतात. त्या आपणच बाहेरून घालायच्या. त्यासाठी कुणीतरी खऱ्या किंवा पुतळ्याच्या कानात छोटे माइक बसवून, प्रत्येक स्पीकरचा आवाज दोन्ही कानांत कसा पोचतो याची नोंद केलेली असते. या नोंदीला एचआरआयआर म्हणतात. ७.१ म्हणजे दिशा असलेले ७ स्पीकर आणि खर्जाचा एक, असे आठ चॅनेल. दिशा असलेले ७ स्पीकर आणि २ कान, म्हणजे १४ नोंदी. सॉफ्टवेअर प्रत्येक चॅनेलवर त्याची नोंद चढवतं आणि सगळं मिळून दोन कानांसाठी दोनच वाटा करतं. म्हणूनच महागडा '७.१ हेडसेट' घ्यायची गरज नाही, घरातला साधा स्टिरिओ हेडफोन चालतो. मागून उघडा, म्हणजे ओपन-बॅक असेल तर आवाज डोक्याबाहेर पडायला आणखी सोपं जातं.

विंडोज वापरणाऱ्यांसाठी सगळ्यात झटपट वाट म्हणजे 'विंडोज सॉनिक'. २०१७ पासून ते विंडोजमध्येच आहे आणि फुकट आहे. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, साउंड असं जाऊन तुमच्या हेडफोनच्या नावावर क्लिक करा आणि खाली 'स्पेशियल' शब्द असलेल्या यादीतून ते निवडा. त्याच यादीतले डॉल्बी अ‍ॅटमॉस आणि डीटीएसचे पर्याय विकत घ्यावे लागतात, पण आधी चाचणीसाठी वापरून बघता येतात. बऱ्याच जणांचं काम इथेच भागतं.

माझं नाही भागलं. मला समोरचा संवाद कायम कपाळावरच बसलेला वाटायचा. कारण उघड आहे: ती नोंद दुसऱ्याच्या कानांची आणि माझे कान वेगळे. म्हणून मी 'हेसुवी' नावाच्या मोफत सॉफ्टवेअरकडे वळलो. त्यात अशा अनेक नोंदी एकत्र मिळतात आणि त्यातून आपल्या कानाला जुळणारी निवडता येते.

पहिली पायरी: 'इक्वलायझर एपीओ' बसवा. विंडोजमधून जाणाऱ्या सगळ्या आवाजात बदल करणारं हे मोफत सॉफ्टवेअर आहे. हेसुवी त्याच्याच पाठीवर चालतं. बसवताना उपकरणांची यादी येईल, त्यात तुमच्या हेडफोनपुढे खूण करा आणि संगणक रिस्टार्ट करा. साउंडच्या सेटिंगमध्ये ऑडिओ एन्हान्समेंट बंद केलेल्या असतील तर त्या चालू करा, नाहीतर इक्वलायझर एपीओ चालणारच नाही. विंडोज सॉनिक मात्र आता बंद करायचं.

दुसरी पायरी: 'मोअर साउंड सेटिंग्ज' मधून जुनं साउंड पॅनेल उघडा, हेडफोन निवडून 'कॉन्फिगर' दाबा आणि '७.१ सराउंड' निवडा. यामुळे सिनेमा किंवा गेम आठही चॅनेल पाठवू लागतो. मग प्रॉपर्टीजच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' टॅबमध्ये सॅम्पल रेट ४८००० हर्ट्झ ठेवा.

इथे अनेकजण अडतात, कारण यूएसबी आणि ब्लूटूथ हेडफोनला ७.१ चा पर्यायच दिसत नाही. तसं असेल तर 'व्हीबी-केबल' नावाचं आभासी साउंड कार्ड बसवा, ७.१ ची सेटिंग त्याला लावा, इक्वलायझर एपीओच्या यादीत त्याच्यापुढेच खूण करा आणि तेच डीफॉल्ट ठेवा. मग 'रेकॉर्डिंग' टॅबमध्ये केबल आउटपुटच्या प्रॉपर्टीज उघडून 'लिसन' मध्ये 'लिसन टू धिस डिव्हाइस' वर खूण करा आणि खाली तुमचा खरा हेडफोन निवडा. या वाटेने आवाज किंचित उशिरा येतो. सिनेमाला व्हिडिओ प्लेअरमध्ये तो फरक काढून टाकता येतो, चपळाईच्या गेमला मात्र जाणवतो.

तिसरी पायरी: आता हेसुवी बसवा आणि त्यातली नोंदींची यादी उघडा. प्रत्येक नोंद म्हणजे एक फाइल. नावं त्रोटक आहेत, त्यावरून काही कळत नाही. काही नोंदी कोरड्या आहेत, काहींमध्ये खोलीचा घुमार आहे. थोडा घुमार असलेल्या नोंदीत आवाज डोक्याबाहेर पटकन जातो, पण फार घुमला की संवाद विहिरीतून आल्यासारखे वाटतात.

निवड करायची ती अशी. कॉन्फिगरच्या खिडकीत स्पीकरची चित्रं दिसतात आणि चित्रावर क्लिक केलं की त्या दिशेचा आवाज येतो. क्लिक करायचं काम दुसऱ्याला द्या, तुम्ही डोळे मिटून बोट दाखवा. स्वतः बघून क्लिक केलंत तर मेंदू आधीच उत्तर देऊन मोकळा होतो. सगळ्यात कडक कसोटी मधल्या स्पीकरची. तो डोक्याबाहेर, समोर ऐकू आला तर ती फाइल ठेवा. मागचे दोन स्पीकर जवळपास प्रत्येक फाइलमध्ये बरे वाटतात, त्यावरून निर्णय घेऊ नका. एका बैठकीत पाच-सहापेक्षा जास्त फाइल ऐकू नका, त्यापुढे कान थकतात आणि सगळंच सारखं वाटायला लागतं. निवडलेल्या दोन-तीन फाइल दुसऱ्या दिवशी ताज्या कानांनी पुन्हा ऐका.

चौथी पायरी: आवाज येतोय तिथून खरोखरच सराउंड येतंय का बघा. ब्राउझरमधून पाहताना बहुतेक वेळा नुसता स्टिरिओच मिळतो. सिनेमाची फाइल ५.१ ची, म्हणजे पाच स्पीकर आणि एक खर्जाचा अशी असेल तर प्लेअरच्या ऑडिओ मेनूतही ५.१ निवडा, नाहीतर प्लेअरच आधी दोन चॅनेल करून टाकतो. गेममध्ये 'हेडफोन' ऐवजी सराउंड स्पीकरचा पर्याय घ्या. गेमचं स्वतःचं एचआरटीएफ, म्हणजे हेडफोनसाठी दिशेच्या खुणा घालायची सोय, चांगलं असेल तर उलट करा: ते ठेवा आणि बाकी सगळं बंद करा.

ही एकच गोष्ट मी पुन्हा पुन्हा सांगेन: दिशा घालायची प्रक्रिया एकदाच व्हायला हवी. माझ्या पहिल्या हेडसेटवर ७.१ चं एक बटण होतं. ते चालू राहिलं होतं आणि वर मी विंडोज सॉनिकही लावलं. दोन आठवडे मला सगळे आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे ऐकू येत होते आणि मी दोष हेडफोनला देत होतो. बटण बंद केलं, त्या क्षणी खोली उघडल्यासारखं झालं.

मोठ्या स्फोटांना आवाज फाटत असेल तर हेसुवीत प्रीअ‍ॅम्प, म्हणजे आवाजाची एकूण पातळी, काही डेसिबल खाली आणा. हेडफोनचा स्वतःचा रंग, म्हणजे काही सूर चढवायची नि काही दाबायची त्याची खोड, काढून टाकायचा असेल तर 'ऑटोईक्यू' या मोफत प्रकल्पात हजारो मॉडेलांच्या दुरुस्त्या तयार मिळतात. समोरची दिशा पक्की व्हायला त्याचा खरंच उपयोग होतो, कारण ती खूण वरच्या सुरांतच असते. गाणी ऐकताना मात्र मी हे सगळं बंद ठेवतो. स्टिरिओसाठी बांधलेल्या गाण्याला दुसऱ्याची खोली चिकटवावी असं मला वाटत नाही.

आयफोनवाल्यांना यातलं काही करावं लागत नाही. जुळणारे एअरपॉड्स असतील तर आयओएस १६ पासून फेस आयडीवाल्या फोनचा पुढचा कॅमेरा कान स्कॅन करतो आणि त्यानुसार आवाज बसवला जातो, शिवाय मान वळवल्यावर आवाज आपल्या जागीच राहतो. मान वळवून समोर-मागे ओळखण्याची आपली सवय त्यामुळे हेडफोनमध्येही कामी येते. हेसुवीत ती सोय नाही.

आणि एकही फाइल जुळली नाही तर? मग स्वतःचीच नोंद करायची. 'इम्पल्सिफर' हे मोफत सॉफ्टवेअर त्यासाठीच आहे. कानात बसतील असे दोन छोटे माइक लागतात. स्पीकर एकच असला तरी खुर्ची प्रत्येक दिशेला वळवून मोजता येतं, आणि तयार झालेली फाइल सरळ हेसुवीत टाकता येते. माझे माइक मागवून झालेत. आता आजोबा गावी जातील तो दिवस गाठायचा, कारण मोजणीसाठी स्पीकर मोठ्यानेच वाजवावा लागतो.