मायनर टू-फाइव्ह-वन: आधी कीरवाणी, मग पटदीप

ठाण्यात कीबोर्ड किंवा गिटारवर जॅझ वाजवू पाहणाऱ्या पुष्कळांचा कान आधी पेटीवर तयार झालेला असतो. मायनर टू-फाइव्ह-वनमध्ये, म्हणजे मायनर स्केलच्या दुसऱ्या, पाचव्या आणि पहिल्या स्वरावरच्या कॉर्ड ओळीने वाजवताना, त्याचा फायदा घ्या, स्केलचे तक्ते घोकत बसू नका.

ए मायनर घेऊ, म्हणजे सफेद सहाचा सा. कॉर्ड तीन: बी हाफ-डिमिनिश्ड, ई सेव्हन, ए मायनर सिक्स्थ. पहिल्या दोन कॉर्डवर कीरवाणी रागाचे स्वर बिनधास्त चालतात: ग, ध कोमल आणि नी शुद्ध. ई सेव्हनचा सगळा जीव त्या शुद्ध नीत, म्हणजे जी शार्पमध्ये आहे. कोमल ध त्या कॉर्डचा फ्लॅट नाइन, म्हणजे त्याच्या मूळ स्वरापासूनचा अर्धा स्वर उतरलेला नववा स्वर, होतो; मायनरची खरी हुरहुर तिथेच.

तिसऱ्या कॉर्डवर मात्र ध शुद्ध करा. झाला पटदीप! कोमल ध तिथे रेंगाळला, तर कान एफ मेजर सेव्हनकडे ओढला जातो आणि घरी पोचल्यासारखं वाटतच नाही. (रागाचं चलन वगैरे तूर्त विसरा, गुरुजी रागावले तरी. आपल्याला फक्त स्वर हवेत.)

सुरुवातीला प्रत्येक कॉर्डवर एकच स्वर धरा: सा, नी, शुद्ध ध. मग दुसरी ओळ: म, म, कोमल ग. या दोन ओळी गाता आल्या की मधल्या जागा भरा. मेट्रोनोम साठवर ठेवा आणि घोडबंदरच्या टॉवरमध्ये राहत असाल, तर रात्री दहानंतर हेडफोन लावा.