उकळूनही न जाणारे विष : बोअरच्या पाण्यातील आर्सेनिक कसे तपासावे

कोल्हापूरचा माणूस पाण्याच्या बाबतीत सावध असतो, आणि त्याला कारणही आहे. 2012 साली इचलकरंजीत काविळीची साथ आली, 2019 आणि 2021 च्या महापुरांत गावोगावच्या विहिरी गढूळ झाल्या, आणि पाणी उकळून, तुरटी फिरवून, क्लोरीनचे थेंब टाकून पिण्याची सवय घराघरांत रुजली. ही सवय जंतूंसाठी योग्यच आहे, ती मोडू नये. आर्सेनिकपुढे मात्र तिचा उपयोग नाही, कारण आर्सेनिक हा जंतू नसून मूलद्रव्य आहे. पाणी उकळले की वाफ निघून जाते आणि आर्सेनिक भांड्यातच राहते, त्यामुळे उरलेल्या पाण्यातील त्याचे प्रमाण उलट थोडे वाढते.

हे विष आपल्या भाषेला नवे नाही. सोमल, मनशीळ आणि हरताळ ही आर्सेनिकचीच रूपे आहेत. पोथीत चुकलेल्या अक्षरांवर पिवळ्या हरताळाचा लेप देत असत आणि ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार त्यातूनच आला. पण हरताळाला रंग असतो, तर पाण्यात विरघळलेल्या आर्सेनिकला रंग, वास किंवा चव यांपैकी काहीही नसते. म्हणून पाणी नितळ आणि गोड लागते, एवढ्यावरून ते निर्धोक ठरवू नये.

तपासणी कोणी करावी, हे आधी ठरवावे. आपला जिल्हा बेसाल्ट खडकावर वसलेला आहे. देशातील सर्वांत मोठा आर्सेनिकग्रस्त पट्टा गंगा आणि ब्रह्मपुत्रेच्या गाळाच्या जमिनीत, म्हणजे पश्चिम बंगाल, बिहार, उत्तर प्रदेश आणि आसाम या भागांत आहे. तेथे गाळातील लोहाच्या कणांना चिकटलेले आर्सेनिक, जमिनीखाली प्राणवायू कमी झाला की सुटे होऊन भूजलात उतरते. पश्चिम बंगालमध्ये 1983 साली त्वचेच्या तक्रारी घेऊन आलेल्या रुग्णांमुळे हा प्रश्न उघड झाला. तळ्याच्या पाण्यातील जंतूंपासून वाचण्यासाठी ज्या कूपनलिका खोदल्या, त्यांतूनच हे विष घरात आले, ही गोष्ट मला फार अस्वस्थ करते. म्हणून येथे सरसकट घाबरण्याचे कारण नसले, तरी ज्यांच्या घरचे जवान किंवा व्यवसायासाठी गेलेले नातलग त्या पट्ट्यात राहतात, त्यांनी तेथील पाण्याची चौकशी अवश्य करावी. येथेही ज्यांचे पिण्याचे पाणी पूर्णपणे स्वतःच्या बोअरवर अवलंबून आहे, विशेषतः बोअर कारखान्याजवळ किंवा रसायनांच्या साठ्याजवळ असेल, त्यांनी एकदा तपासणी करून घेणे शहाणपणाचे आहे.

नमुना घेण्यापूर्वी प्रयोगशाळेत जाऊन ‘आर्सेनिक तपासायचे आहे’ असे स्पष्ट सांगावे. नेहमीच्या अहवालात क्षार, कठीणपणा, नायट्रेट आणि जंतू एवढेच असू शकते. पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांचे प्रमाण दाखवणाऱ्या घरातील टीडीएस मीटरवर विसंबू नये, कारण आर्सेनिकचे घातक प्रमाणही इतके सूक्ष्म असते की मीटरच्या आकड्यात ते दिसतच नाही. बाटली शक्यतो प्रयोगशाळेकडूनच घ्यावी. तिच्यात आधीच आम्ल घातलेले असेल तर ती विसळू नये, नसेल तर त्याच पाण्याने तीन वेळा विसळावी. टाकीतील पाणी न घेता मोटार पाच-दहा मिनिटे चालवून थेट बोअरचे पाणी भरावे आणि बाटलीवर ठिकाण, बोअरची खोली व तारीख लिहावी.

पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरमागे 0.01 मिलिग्रॅम, म्हणजे 10 मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शक मूल्यही तेवढेच आहे. अहवालात आकडा कोणत्या एककात दिला आहे ते नीट पाहावे, कारण येथे हजारपटीची चूक सहज होते. आकडा मर्यादेपेक्षा जास्त आला, तर खात्रीसाठी दुसरा नमुना द्यावा, पण त्याच्या निकालाची वाट न पाहता पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी ते पाणी त्याच दिवशी बंद करावे. भात, आमटी आणि बाळाचे दूध त्याच पाण्यात होत असते, हे पुष्कळदा विसरले जाते. अंघोळ, धुणे आणि भांडी यांसाठी ते पाणी वापरता येते, कारण त्वचेतून आर्सेनिक फारसे शरीरात जात नाही.

सर्वांत चांगला उपाय म्हणजे पाण्याचा स्रोत बदलणे, मग ते तपासलेले नळाचे पाणी असो किंवा स्वच्छ छतावरून साठवलेले पावसाचे. कँडलचा फिल्टर आणि यूव्ही यंत्र आर्सेनिक काढत नाहीत. आरओ काढते, परंतु बोअरमध्ये बहुधा आढळणारे त्रिसंयुजी आर्सेनिक (आर्सेनिकचे एक रासायनिक रूप) त्यातून काही प्रमाणात निसटते. म्हणून यंत्र बसवल्यावर बाहेर येणारे पाणीही प्रयोगशाळेत तपासून घ्यावे, विक्रेत्याच्या शब्दावर थांबू नये.

शरीरावरची चिन्हे बहुधा काही वर्षांनी दिसतात. छातीवर आणि पाठीवर पावसाच्या थेंबांसारखे गडद व फिके ठिपके उमटतात, तळहात आणि तळपाय जाड व खडबडीत होतात, पुढे हातापायांना मुंग्या येतात. दीर्घकाळ असे पाणी पीत राहिल्यास त्वचा, फुप्फुस आणि मूत्राशय यांच्या कर्करोगाचा धोका वाढतो. हा आजार संसर्गजन्य नाही, त्यामुळे अशा माणसाला दूर ठेवणे हा निव्वळ अन्याय आहे. दीर्घकालीन विषबाधा पूर्ण बरी करणारे खात्रीचे औषध नाही. दूषित पाणी थांबवणे हाच उपचाराचा पाया आहे.

लघवीच्या तपासणीतून अलीकडच्या दिवसांत शरीरात गेलेले आर्सेनिक कळते, तर केस आणि नखांतून मागील काही महिन्यांचे. लघवीची तपासणी करायची असेल तर आधीचे तीन-चार दिवस समुद्रातील मासे खाऊ नयेत. त्यांच्यातील आर्सेनिक बहुतांशी निरुपद्रवी असते, पण अहवालातील आकडा मात्र वाढवते. त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना पाण्याचा अहवाल सोबत न्यावा, तसेच गेल्या पंधरा-वीस वर्षांत आपण कोठे राहिलो आणि तेथे कोणते पाणी प्यालो, याची यादीही लिहून न्यावी. नोकरी संपवून गावी परतलेल्या माणसाच्या तळहातावरील खडबडीतपणाचे कारण गावाच्या विहिरीत नसून दूरच्या एखाद्या हातपंपात असू शकते, आणि ते त्या यादीशिवाय डॉक्टरांच्या लक्षात येणे अवघड असते.