१०८ यायच्या आधी कागद तयार पाहिजे

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात आशा वर्कर आहे. गृहभेटीला गेली की मी हमखास विचारते, "आज रात्री मामाजींना काही झालं आणि सूनबाई माहेरी असली, तर त्यांच्या गोळ्यांची नावं कोण सांगेल?" बहुतेक घरी उत्तर एकच येतं, "तिलेच मालूम हाय." घरातलं एकच माणूस सगळं जाणते. दुखणं आलं तेव्हा तेच वावरात असते, नाहीतर त्याच्या फोनला रेंज नसते. म्हणून जो कोणी पेशंटसोबत गाडीत बसेल, मग तो शेजारी का असेना, त्याच्या हाती देता येईल असा पेशंटच्या आजारांचा आणि गोळ्यांचा एक कागद घरात पाहिजे.

आपल्याकडे पेशंट एका ठिकाणी थांबत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातून ग्रामीण रुग्णालय, तिथून यवतमाळ, तिथूनही रेफर केलं तर सेवाग्राम किंवा नागपूरचं मेडिकल कॉलेज. प्रत्येक ठिकाणी डॉक्टर नवीन आणि प्रश्न तेच. रात्री दोन वाजता घाबरलेला माणूस प्रत्येक वेळी वेगळं सांगते. कागद सगळीकडे तेच सांगते.

वहीचं एक पान घ्या, पेनानं मोठ्या अक्षरात लिहा. वर नाव, वय, घरच्या दोन माणसांचे मोबाईल नंबर. खाली आजार आणि ते कधीपासून आहेत: बीपी, शुगर, दमा, फिट, हृदयाचा त्रास. झालेली ऑपरेशनं. मग कोणत्या औषधाची रिअ‍ॅक्शन येते, तेवढं लाल पेनानं. पेनिसिलिन किंवा सल्फाच्या औषधानं कधी अंगावर गांधी उठल्या असतील, चेहरा सुजला असेल, तर ते सुटता कामा नये. रक्तगट माहीत असला तर लिहा, नसला तर त्यापायी अडून बसू नका. रक्त द्यायच्या आधी दवाखान्यात तो तपासतातच.

गोळ्यांचं मात्र नीट लिहायला पाहिजे. "बीपीची पांढरी गोळी" याचा डॉक्टरला काही उपयोग नाही, पांढऱ्या गोळ्या ढीगभर असतात. मेडिकलवाला पट्टीतून चार गोळ्या कापून देते तेव्हा नाव दुसऱ्याच तुकड्यावर राहून जाते. म्हणून नाव छापलेला तुकडा मागून घ्या आणि त्यावरचं बारीक अक्षरातलं औषधाचं नाव मिलिग्रॅमसकट उतरवा: अ‍ॅम्लोडिपिन ५, सकाळी एक, मेटफॉर्मिन ५००, जेवणासोबत दोनदा. इन्सुलिन असेल तर कोणतं आणि किती युनिट. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, जसं वॉरफेरिन, क्लोपिडोग्रेल, अ‍ॅस्पिरिन, तर तिच्याखाली रेघ मारा. असा माणूस गाडीवरून पडून डोक्याला मार लागला तर डॉक्टरला ते सगळ्यात आधी कळलं पाहिजे. वैद्याची पुडी, जडीबुटीही लिहा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

घरात कोणाला सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार असेल तर त्याचं कार्ड आणि एचपीएलसी या रक्ततपासणीचा रिपोर्ट सगळ्यात वर ठेवा. एसएस म्हणजे रुग्ण, एएस म्हणजे वाहक, हे पानावर स्पष्ट लिहा. हातपाय ठणकतात म्हणून आलेल्या पोराला नुसती दुखण्याची गोळी देऊन परत पाठवू नये, यासाठी ते कार्ड बोलते. गरोदर बाईचं माता-बाल संरक्षण कार्डही इथंच.

काही गोष्टी त्या वेळीच टिपायच्या असतात. २०१७ मध्ये आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली, ते कोणी विसरलं नाही. फवारताना चक्कर, उलटी, तोंडाला फेस आला तर औषधाचा डबा लेबलसकट पन्नीत, म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून सोबत न्या. पंपात दोन-तीन औषधं मिसळली असतील तर तेवढे सगळे डबे. लेबलवर औषधाचं नाव आणि उतारा छापलेला असते. साप चावला तर तो शोधत, मारत बसू नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांच्या विषावर एकच इंजेक्शन चालते. चावल्याची वेळ तेवढी लिहा. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, म्हणजे लकव्यासारखं वाटलं, तर माणूस शेवटचा धड कधी दिसला ती वेळ लिहा. मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि ते तास तिथूनच मोजतात.

पानासोबत शेवटचं डिस्चार्ज कार्ड, ताजा ईसीजी, रक्ताचे अलीकडचे रिपोर्ट ठेवा. जुनं गाठोडं नेऊ नका, ते चाळायला तिथं कोणाला वेळ नसते. आधार, रेशनकार्ड, आयुष्मान कार्डाच्या झेरॉक्स मागे लावा. मोफत उपचाराच्या महात्मा फुले योजनेसाठी दवाखान्यातले आरोग्यमित्र हेच मागतात.

सगळं एका पन्नीत घालून दाराजवळच्या खिळ्याला टांगा. कपाटात कुलुपात नको. लेकराबाळांनाही जागा दाखवा. पानाचा फोटो दोघा-तिघांच्या मोबाईलमध्ये असू द्या. फोनच्या सेटिंगमध्ये आपत्कालीन माहिती भरून ठेवली, तर बहुतेक फोनांत ती लॉक न उघडताही दिसते.

गोळी बदलली की त्याच दिवशी जुनी खोडा, नवी लिहा, बाजूला तारीख टाका. घरी लिहिणारं कोणी नसेल तर शाळेत जाणारी नात लिहून देईल. नाहीतर तुमच्या आशाताईला सांगा. मी माझ्या पिशवीत त्यासाठी कोरी पानं ठेवतेच.