धर्मयुद्धांचे युरोपवरील परिणाम लिहिताना या चुका टाळा

मध्ययुगीन धर्मयुद्धांवरचे, म्हणजे जेरुसलेम मुस्लिम सत्तेकडून घेण्यासाठी युरोपातील ख्रिस्त्यांनी काढलेल्या मोहिमांवरचे, बहुतेक मराठी लेख १०९५ मध्ये पोप दुसरे अर्बन यांनी फ्रान्समधील क्लेरमाँ येथे केलेल्या आवाहनापासून सुरू होतात आणि १२९१ मध्ये धर्मयोद्ध्यांचे पूर्वेकडील शेवटचे मोठे ठाणे असलेले एकर शहर पडले की थांबतात. ही मांडणी अपुरी आहे, कारण युरोपवरचे खोल घाव जेरुसलेममध्ये नव्हे, तर खुद्द युरोपात शोधावे लागतात.

पूर्व (ऑर्थोडॉक्स) आणि पश्चिम (कॅथलिक) चर्चमधील फुटीचे वर्ष म्हणून केवळ १०५४ देणे ही नेहमीची चूक. तो वाद मुख्यतः धर्माधिकाऱ्यांमधला होता. फूट सामान्य माणसाच्या मनात उतरली ती १२०४ मध्ये, जेव्हा व्हेनिसच्या कर्जात अडकलेल्या चौथ्या धर्मयुद्धाच्या सैन्याने कॉन्स्टँटिनोपल हे ख्रिस्ती शहरच लुटले, आया सोफिया या महाचर्चसारखे पवित्र स्थानही सोडले नाही आणि तिथून नेलेले काशाचे घोडे व्हेनिसच्या सेंट मार्क चर्चवर बसवले. बायझंटाइनांनी (कॉन्स्टँटिनोपलहून चालणाऱ्या पूर्व रोमन साम्राज्याने) १२६१ मध्ये राजधानी परत मिळवली, पण पूर्वीचे बळ परत आले नाही. या लुटीबद्दल पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००१ मध्ये अथेन्समध्ये क्षमायाचना केली, यावरून ती जखम किती टिकली हे कळते.

फ्रान्सच्या दक्षिणेकडेही दुर्लक्ष होते. चर्चने पाखंडी ठरवलेल्या कॅथर या ख्रिस्ती पंथाविरुद्ध १२०९ मध्ये सुरू झालेल्या मोहिमेत बेझिए शहरात कत्तल झाली आणि १२२९ च्या पॅरिस तहानंतर लांगदॉक हा दक्षिणेचा प्रदेश टप्प्याटप्प्याने फ्रेंच राजसत्तेखाली गेला. पोपने नेमलेले इन्क्विझिशनही (पाखंड शोधून शिक्षा देणारे धर्मन्यायालय) याच प्रदेशात रुजले. मात्र गोव्यात १५६० मध्ये आलेले इन्क्विझिशन पोर्तुगीज राजसत्तेच्या आश्रयाखालचे होते. दोन्ही एकच समजू नयेत.

सर्वांत गंभीर चूक वगळण्याची आहे. १०९६ मध्ये पहिल्या धर्मयुद्धासाठी निघालेल्या टोळ्यांनी जर्मनीतील वर्म्स आणि माइन्झ येथील ज्यू वस्त्यांचा संहार केला. त्या मृतांसाठी रचलेली शोकगीते अश्केनाझी (मध्य व पूर्व युरोपीय परंपरेचे) ज्यू आजही दरवर्षीच्या उपवासाच्या दिवशी म्हणतात. परिणामांच्या यादीत व्यापार आणि मसाले आहेत, पण हे नाही, अशी यादी पुन्हा लिहावी.

अरबी विद्या धर्मयोद्ध्यांनी आणली, हे विधानही तपासून घ्यावे. भाषांतराची मोठी केंद्रे स्पेनमधील टोलेडो आणि इटलीजवळचे सिसिली बेट येथे होती. भारतीय अंकपद्धती इटलीतील पिसाच्या फिबोनाची या गणितज्ञाने शिकून घेतली ती रणांगणावर नव्हे, तर वडील व्यापाराच्या कामावर असताना उत्तर आफ्रिकेतील बुजिया बंदरात.