बाल्ड सायप्रस बोन्साय: संक्रांतीनंतरची छाटणी आणि क्षारयुक्त पाण्यावरचे उपाय

मराठवाड्यात बाल्ड सायप्रस कुंडीत वाढवणाऱ्यांसाठी जानेवारीचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारीचा पहिला आठवडा हा वर्षातला सर्वांत मोलाचा काळ आहे. हे झाड सूचिपर्णी असूनही पानगळीचं. हिवाळ्यात पानं तांबूस होतात आणि बारीक काडीसकट गळतात. थंडी कमी पडली तर काही पानं संक्रांतीनंतरही लटकत राहतात. ती हाताने अलगद काढा. डोळे फुगलेत पण अजून फुटले नाहीत, अशा वेळी मोठी छाटणी आणि कुंडीबदल उरकून घ्या. होळीपर्यंत थांबलात तर नवी मुळं धरायच्या आधीच ऊन तापतं.

कुंडी बदलताना कोवळ्या रोपाचं सोटमूळ कापा आणि बाजूची मुळं चहूबाजूंनी सपाट पसरून लावा. या झाडाचं खरं देखणेपण खालून रुंद होत गेलेल्या, कंगोरे पडलेल्या बुंध्यात आहे आणि त्याची सुरुवात इथेच होते. काळी माती अजिबात घालू नका. चिकट असते आणि आपल्याकडे बहुतेक ठिकाणी चुनखडीयुक्तही. चांगल्या भाजलेल्या विटांचा ३ ते ५ मिलिमीटर चाळलेला चुरा, धुतलेलं कोकोपीट आणि थोडं कुजलेलं शेणखत एवढं पुरतं. बुंधा अजून बारीक असेल तर बोन्सायच्या ट्रेची घाई नको. मोठ्या टबात दोन-तीन वर्षं मोकळं वाढू द्या. ट्रेमध्ये खोड जाड व्हायला फार काळ लागतो.

आता आकाराचं. अमेरिकेच्या आग्नेय भागात, लुइझियाना आणि फ्लोरिडाच्या दलदलीत, तरुण बाल्ड सायप्रस निमुळता शंकूसारखा दिसतो. म्हाताऱ्या झाडाचा शेंडा वादळाने, विजेने मोडतो आणि वरच्या फांद्या आडव्या पसरून माथा सपाट होतो. बोन्सायमध्ये हाच सपाट माथ्याचा आकार मला सर्वांत योग्य वाटतो, कारण तो याच झाडाचा आहे. पाइनसारखे खाली झुकलेल्या फांद्यांचे थर याच्यावर लादले की झाड उसनं दिसतं.

त्यासाठी बुंधा मनासारखा जाड झाल्यावर खोड तिरकं छाटा. काप जोमदार फुटव्याच्या किंवा डोळ्याच्या वर घ्या आणि बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावा. छाटलेल्या खोडावर जागोजागी फुटवे येतात. ते लगेच खुडू नका. जूनपर्यंत वाढू द्या, मग काप भरून काढेल असा एक शेंडा आणि माथ्यासाठी वर तिरप्या जाणाऱ्या दोन-तीन फांद्या ठेवा. खालच्या फांद्या कमी आणि बारीकच असाव्यात. झाडाची उंची बुंध्याच्या जाडीच्या साधारण दहापट ठेवली तर खोड उंच, सडसडीत दिसतं. वाढीचा सगळा जोर शेंड्याकडे असतो, म्हणून वरचे कोंब वारंवार खुडावे लागतात. अ‍ॅल्युमिनियमची तार कोवळ्या फांदीवर बांधा आणि दर पंधरा दिवसांनी तपासा. फांदी झपाट्याने जाड होते आणि तार रुतली की व्रण वर्षानुवर्षं जात नाही.

हे झाड दलदलीतलं, म्हणून कुंडी पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवा, असं सर्रास सांगितलं जातं. सल्ला बरोबर आहे, पण पाणी कोणतं हे त्याहून महत्त्वाचं. आपल्या भागातली झाडं मला थंडीच्या अभावापेक्षा बोअरच्या जड पाण्याने जास्त खंगलेली दिसतात. जालन्याच्या मोसंबी बागायतदारांना हे लक्षण नवं नाही: कोवळी पानं पिवळी पडतात. जमिनीत लोह असतं, पण सामू (आम्ल-अल्कलीचं माप, पीएच) वाढल्यामुळे मुळांना ते घेता येत नाही. कुंडीच्या काठावर पांढरी पुटं दिसू लागली की सावध व्हा. लोह देताना ईडीडीएचए प्रकारातलं चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना घेता येईल अशा रूपात बांधलेलं लोह, घ्या. साधं ईडीटीए प्रकारातलं लोह जास्त सामूच्या मातीत टिकत नाही. पण मूळ उपाय पाणी बदलण्याचाच.

१०० चौरस मीटर छतावर १० मिलिमीटर पाऊस पडला तर हिशेबाने १००० लिटर पाणी उतरतं. यंदाच्या पावसाळ्यासाठी पन्हळ आणि झाकणाची टाकी आत्ताच ठरवा. साठा नसेल तर एसीतून गळणारं पाणी वापरा, त्यात क्षार जवळपास नसतात. बोअरचंच पाणी द्यायचं असेल तर त्यात चिमटीचिमटीने सायट्रिक अ‍ॅसिड मिसळून सामू ६ ते ६.५ दरम्यान आणा, पट्टीने तपासूनच. कूलरमधलं उरलेलं पाणी आणि आरओचं वाया जाणारं पाणी मात्र कधीच घालू नका, दोन्हींत क्षार अधिक दाटलेले असतात. टंचाईच्या वर्षी जेवढं पाणी साठवता येईल तेवढीच झाडं ठेवावीत, हे मी आग्रहाने सांगतो.

मार्चअखेरपासून दुपारच्या उन्हाला ५० टक्क्यांची शेडनेट लावा आणि ट्रेमध्ये २-३ सेंटिमीटर पाणी कायम ठेवा. कोरड्या हवेत लाल कोळी येते. पानं धुरकट दिसली की पानांच्या खालून जोरात पाणी मारा. ट्रेमधलं पाणी दर चार दिवसांनी पूर्ण ओतून ट्रे घासून घ्या. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो.